किरणबाबांची भुकटी आणि बांगड्यांखालची कातडी

अर्जुनी मोरगावच्या बाजारात त्या दिवशी भाजी कमी अन् भक्तच जास्त! मांडवाच्या सावलीत काळा गॉगल लावून किरणबाबा बसलेले आणि समोर भर उन्हात कोड असलेली माणसं हात पसरून उभी. त्यांतल्या सुलोचनाबाईंच्या कोपरावरचा पांढरा डाग लालबुंद झालेला पाहून गर्दी नुसती हरखली.

"रंग येऊन राहिला, माय! सूर्यदेव अंगात उतरून राहिला!" बाबा गरजले. "भुकटी खाओ, दाग भगाओ!"

दहावीतल्या रीनाचं टाळकं सरकलं. तिची थोरली बहीण दुर्गा, मनगटावरच्या डागापायी जुळलेली सोयरीक मोडलेली. परवा ही भुकटी खाऊन ती उन्हाळी धानाच्या रोवणीला गेली. दिवसभर बांधीतल्या चिखलात, उघड्या उन्हात वाकून! आज तिच्या हातांवर, मानेवर बोराएवढे फोड. तरी बाई दुसऱ्या पुडीसाठी रांगेत हजर.

"काऊन मरते व, बाई?" रीनाने तिला गाठलं.

"पाप निघून राहिलं म्हणते बाबा. तू चूप राय."

रीनाने तिचा हात धरून बांगड्या अलगद वर सारल्या. खालच्या कातडीवर एकही फोड नाही!

"पाहा सगळे! पाप का बांगड्या पाहून निघते? ऊन लागलं तिथंच पोळलं. महाराज, तुम्ही खा न चिमूटभर, अन् या आमच्यासंगं उन्हात!"

"आज हमारा उपवास है, बेटी."

"उपवासाले गॉगल चालते का?" गर्दीतले यादोराव ओरडले. हशा पिकला. बाबा झोळी उचलून निघाले, तर यादोरावांनी ती हिसकून उलटीच केली. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं भसाभस खाली पडली. भुकटी म्हणजे याच गोळ्या कुटलेल्या!

एक पाकीट घेऊन रीनाने दुर्गाला तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई भडकल्याच. "या गोळ्यांनी कातडी उन्हाला हळवी होते. कोडावर आम्हीही देतो. पण तपासून, मापाने, डोळे जपून, ठरावीक वेळच ऊन दाखवून. अशी फक्की मारून शेतात राबलं की माणूस भाजतो. डोळे जातील, लिव्हर बिघडेल! डागावर येतो तो लाल रंग भाजल्याचा."

"मंग माझा डाग जाईल का?" दुर्गाने हळूच विचारलं.

"सांगता येत नाही. प्रयत्न करू."

दुर्गा रडली. पण मुठीतली पुडी तिने स्वतःच कचऱ्यात टाकली.

रीनाला ते 'सांगता येत नाही' फार आवडलं. बाबाने तर छातीठोक खात्री दिली होती! म्हणून बाबांनो, बायांनो, खात्री देणाऱ्याला आधी विचारा, 'यात आहे काय?' आणि खरं उत्तर मिळेपर्यंत तोंड घट्ट मिटून ठेवा.