राजा उठला त्याची मळणी

माझी थोरली लेक बाळाबाई हिचं बारसं रवळनाथाच्या जत्रेच्या आधी आठच दिवस झालं, म्हणून ते साल माझ्या ध्यानात पक्कं आहे. १९२४.

आमचं गाव गुंजी स्टेशनापासून दोन कोसांवर, रानात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आमचं नाटक असे. गावात गॅसबत्ती नव्हती, म्हणून ते उन्हं कलायच्या आत उरकायचं. नाटक मंडळाचं. मंडळात आम्ही एकोणीस जण. अध्यक्ष मारुतीराव पाटील. चिटणीस दत्तोपंत मास्तर. ते मूळचे बेळगावच्या खडेबाजारातले, बदलीनं आमच्या शाळेत आलेले. नाटक तेच लिहीत. मी अंगानं किडकिडीत आणि गळा बरा, म्हणून मला राजपुत्र केलेलं. वाचता येत नव्हतं. मास्तर म्हणून दाखवत आणि मी कानानं धरून ठेवी.

राजा होता आण्णाप्पा. रेल्वेत गँगमन, बैलहोंगलकडचा, घरची बोली कानडी. छाती आणि मिशी अशी की मुकुट नसता तरी राजाच दिसला असता. दोन वर्षं स्टेशनाच्या चाळीत एकटा राहत होता. पहिल्या वर्षी त्याला कुणी ओट्यावर बस म्हटलं नाही. नाटकात आला तेव्हापासून पोरंसोरंही "राजा, राजा" करू लागली. एकदा मला म्हणाला, "भावकू, चाळीत मी नंबर हाय. तुमच्यात येतो तवा मला नाव हाय."

तिसऱ्या अंकात राजा लढाईत पडतो आणि राजपुत्र त्याच्या अंगावर पडून रडतो. मास्तरांनी लिहिलं होतं, "तात! हे तात!" त्या साली तालुक्याचा कुणी बडा पाहुणा यायचा होता. तो येईपर्यंत नाटक थांबलं. आला, खुर्चीत बसला, नाटक सुरू झालं. राजा पडला. मी त्याच्या छातीवर पडलो आणि मला माझा बापच आठवला. तात कुठल्या कुठं गेलं. मी हंबरडा फोडला, "बा! बा! बा!"

आणि मेलेला राजा उठला.

नुसता उठला नाही. मला बाजूला सारलं, तलवार पहारीसारखी खांद्यावर टाकली आणि "बंदे, बंदे" असं पुटपुटत तरातरा चालायला लागला. ते पुटपुटणं फक्त मला ऐकू आलं. लोकांनी जे हसायला सुरुवात केली ते थांबेनात. ढोलकीवाला शामू ढोलकीवरच आडवा झाला. पाहुण्यांनी तोंडाला रुमाल लावला. पडदा ओढला, नाटक तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात बैठक बसली. मारुतीरावांचा चेहरा बघवत नव्हता.

"मास्तर, लिवा," ते म्हणाले. "आण्णाप्पाचं नाव मंडळातनं काढलं."

"मी आदीच म्हनलो हुतो, कानड्याला राजा करू नगा," शामू म्हणाला.

"निदान घोरायचं तरी रं!" टोप आणि मिशा सांभाळणारा रवळू म्हणाला. "म्हंजे आमाला कळलं असतं, राजा मेला न्हाय, निजलाय."

मास्तरांनी लिहिलं आणि टाक तसाच हातात धरून विचारलं, "आण्णाप्पा, तुला काही सांगायचंय?"

तो खांबाला टेकून उभा होता. पुठ्ठ्याचा मुकुट धडप्यात बांधून परत द्यायला आणलेला. म्हणाला, "झोप लागला. चूक माझा." एवढंच.

मी खाली मान घालून बसलो होतो. बंदे म्हणजे आलो. मी त्याला हाक मारली होती, आणि तो आला होता. हे मला एकट्याला कळलं होतं. पण बोललो असतो तर राजपुत्राचं काम गेलं असतं, आणि मारुतीरावांच्या पुढ्यात बोलायची माझी छातीही नव्हती.

बाहेर पायरीवर माझी वहिनी, जयाबाई, नाटकाच्या कपड्यांचे टाके उसवत बसली होती. ती तिथूनच बोलली.

"मळणी केल्याबिगर पाखडाय बसलाय व्हय? समदा भुसा एकाच्याच डोळ्यात!"

"जयाबाई, ही बाप्यांची बैठक हाय," मारुतीराव म्हणाले.

"मग बाप्यावानी बोला की. ज्यानं त्यानं आपापली पेंढी खळ्यात टाका. दुसऱ्याची कशापायी उचलताय?"

मास्तरांनी टाक खाली ठेवला. "बाई बरोबर बोलल्या," ते म्हणाले. "आता फक्त आपली चूक सांगायची. दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. कोण सुरू करतंय?"

मी उठलो.

"मला तात म्हनायचं हुतं. मी बा म्हनलो."

"मग?" रवळू म्हणाला. "बापाला बा न्हाय तर काय काका म्हनायचं?"

"अरे, कानडीत बा म्हंजे ये! मुकादम त्याला रोज पहाटे असंच उठवतो. मी तीनदा बोलावलो. त्यो आला."

खानापूरच्या बाजारात हा शब्द आम्ही दर आठवड्याला ऐकत होतो. तरी आण्णाप्पा आणि मी सोडून एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण घरात आम्ही सगळेच बापाला बा म्हणत होतो. चूक कुणाला चूक वाटलीच नव्हती. रवळूनं कपाळावर हात मारला.

मग मास्तर म्हणाले, "पडद्याआडून 'तात' हा शब्द मी द्यायचा होता. पण मी माझ्याच वाक्यांवर रडत होतो. पान उलटायचं राहिलं."

शामू म्हणाला, "हसाय पयल्यांदा मी लागलो. मी ढोलकी वाजवत ऱ्हायलो असतो तर लोकांस्नी वाटलं असतं, राजाचं भूत उठलंय."

एकेक जण बोलला. राहिले मारुतीराव. त्यांच्याकडे बघायची कुणाची टाप नव्हती. मास्तर दौतीतली शाई ढवळत बसले. शेवटी मारुतीराव म्हणाले, "पाव्हन्याच्या मोटारीसाठी मी नाटक दोन तास अडवलो. ह्यो गडी पहाटेपासनं लायनीवर हुता. उपाशी हुता, ते बी मला ठावं हुतं." मग आवाज चढवून म्हणाले, "मास्तर, बगताय काय? ते वरचं खोडा!"

मास्तरांनी असं खोडलं की कागद फाटला.

आण्णाप्पा अजून खांबाशीच होता. रवळूनं त्याच्या हातातला मुकुट घेतला आणि धडप्यासकट त्याच्या डोक्यावर ठेवला. तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, एक बोलू? तात नको. बाच ठेवा. तुमचा मानूस म्हननार, बापाला हाक मारतो. आमचा मानूस म्हननार, ये म्हनतो, परत ये म्हनतो. दोगं बी रडनार."

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. "पंधरा वर्षं नाटकं लिहितोय," ते म्हणाले, "हे मला सुचलं नाही."

त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला गेला. दर नाटकाच्या दुसऱ्या दिवशी मळणी, ज्यानं त्यानं आपलीच पेंढी टाकायची, सुरुवात अध्यक्षांनी करायची. जयाबाई विसावी सभासद झाली. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा आम्हा सात जणांना दर रविवारी सकाळी शाळेच्या पडवीत मास्तर शिकवू लागले. मी तिशीचा बाप्या, पाटी मांडीवर घेऊन बसे. आण्णाप्पा माझ्यापुढं गेला. बाराखडीत अडलो की तोच मला सांगे, आणि त्याच्या "झोप लागला"ची "झोप लागली" मी करून देई.

पुढच्या मार्गशीर्षात मास्तरांच्या ओळखीनं बेळगावात खडेबाजाराजवळच्या पटांगणात आमचं नाटक लागलं. अर्धे लोक मराठी, अर्धे कानडी. राजा पडला. मी त्याच्या छातीवर पडलो आणि पोटातून ओरडलो, "बा!"

पुढच्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. दुसऱ्यांदा ओरडलो आणि मागच्या बाजूला एक कानडी म्हातारा काठी टेकत उभा राहिला. "एळप्पा!" तो राजाला म्हणाला. "एळो!" ऊठ बाबा, ऊठ. त्याच्याबरोबर आणखी चारपाच जण ओरडले. सगळं पटांगण मराठीत बापाला हाक मारत होतं आणि कानडीत त्याला परत बोलावत होतं.

आण्णाप्पा हलला नाही. मिशीचा केससुद्धा हलला नाही.

पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. आत रवळू घाबरून धावत आला, "अरे, एवढ्यांनी बोलावलं तरी उठना, खराच गेला का काय बगा रं!" तेव्हा राजा एक डोळा उघडून हसला. पडदा तीनदा वर करावा लागला. नाटक एका दिवसाचं ठरलेलं, चार दिवस चाललं. निपाणीहून बोलावणं आलं, तिथंही तसंच झालं. परतताना गुंजी स्टेशनात आण्णाप्पा चाळीकडं वळला तेव्हा मारुतीरावांनी त्याचं गाठोडं स्वतः उचललं. त्यानं किती नको म्हटलं तरी गावापर्यंत सोडलं नाही.

मळणी पुढं दर साली होत राहिली. कुणी एकमेकांवर रुसून मंडळ सोडलं असं त्यानंतर एकदाही झालं नाही, आणि आसपासच्या पाच गावांच्या मंडळांनी तो नियम आमच्याकडून उतरवून नेला. त्यातल्या दोन गावांसाठी तो मी माझ्या हातानं लिहून दिला.

मारुतीराव पाटील १९३८ च्या माघात वारले. त्यांच्यानंतर मंडळानं एकमतानं आण्णाप्पाला अध्यक्ष केलं. तो आठ वर्षं अध्यक्ष होता. १९४६ च्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी, विषमज्वरानं तो वारला.