मार्कोनीसाबचं घड्याळ

"बेचाळीस मिनिटं, शैला! आणि हे म्हणतात ‘तत्काळ’!" पद्माकरने पेपर टेबलावर आपटला.

"अहो, हळू. शेजारी ऐकतील."

बातमी चार ओळींची. जहाजं ओढणाऱ्या टगवरचा एक खलाशी समुद्रात पडून बुडाला. त्याने लाइफजॅकेट घातलं नव्हतं. मदत तत्काळ मागवली होती, असं मालकांचं म्हणणं. मेलेल्याचं नावही छापलं नव्हतं; दोष मात्र ठळक त्याच्याच माथी. मेलेला माणूस उलट बोलत नाही, ही केवढी सोय!

पद्माकरने रविवारी दुपारी सिंगापुरातल्या आपल्या बिशानच्या फ्लॅटमध्ये, जहाजांचं रेडिओवरचं बोलणं पकडणाऱ्या स्कॅनरवर, सगळं ऐकलं होतं. दोन दहाला टगचा कप्तान आपल्या ऑफिसला सांगत होता, माणूस पडलाय. ऑफिस म्हणालं, सोळावर बोलू नका, आधी तुम्हीच शोधा. सोळा म्हणजे संकटाच्या हाकेचा चॅनेल. अख्खं बंदर तिथे कान लावून असतं. त्यावर हाक गेली दोन बावन्नला. दोन्ही वेळा त्याने वहीत लिहिल्या होत्या.

ती जुनी सवय. सव्वीस वर्षं तो जहाजांवर रेडिओ ऑफिसर होता, खलाशांचा मार्कोनीसाब. उपग्रहाचे सेट आले आणि कंपनीने त्याला जुन्या वायरीसारखं उतरवून ठेवलं. आता तो तांजोंग पगारच्या एका ऑफिसात फायली लावत होता. जहाजावरून त्याने एकच वस्तू आणली होती, रेडिओ खोलीतलं घड्याळ. त्यावर दोन लाल पाचरी; पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस. दर तासाला या मिनिटांत सगळ्या जहाजांनी गप्प राहायचं, कुणाची क्षीण हाक असेल तर ऐकू यावी म्हणून. घरातही तेवढा वेळ मिक्सर बंद. शैला वर्षानुवर्षं त्यावरून त्याची टिंगल करत आली होती.

"मी जाऊन वही देणार," तो म्हणाला.

"स्कॅनरला लायसन्स नाही. इथे राहायचा पास गेला तर गाशा गुंडाळावा लागेल आपल्याला."

"रविवारीही तू हेच म्हणालीस. आणि मी हातातला फोन खाली ठेवला."

त्याला संताप मालकांचा होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा होता. त्या बेचाळीस मिनिटांत दोन्ही लाल पाचरी येऊन गेल्या होत्या. आणि हा सव्वीस वर्षांचा मार्कोनीसाब नुसता ऐकत बसला होता!

दुसऱ्या दिवशी त्याने चौकशी अधिकाऱ्यापुढे वही आणि स्कॅनर ठेवला. अधिकारी तरुण चिनी होता.

"अंकल, धिस वन नो लायसन्स. यू नो ऑर नॉट?"

"ठाऊक आहे," पद्माकरने इंग्रजीत सांगितलं. "तेही लिहा. पण आधी वेळ लिहा. दोन दहा. आणि त्याखाली लिहा, मी ऐकलं आणि फोन केला नाही."

स्कॅनर तिथेच राहिला. पासचं पत्राने कळवू, असं सांगून त्यांनी त्याला घरी पाठवलं.

शैला चटणी वाटत होती. तो रिकाम्या टेबलाशी जाऊन बसला. सव्वातीन झाले. शैलाने घड्याळाकडे पाहिलं आणि न सांगता मिक्सर बंद केला.

काटा लाल पाचर ओलांडून अठरावर गेला, विसावर गेला. तिने मिक्सर पुन्हा लावला नाही.