तिसाव्या तासाला मॅडम नसतील

मृण्मयीची चूक एवढीच झाली की तिनं टीचिंग प्लान खरोखर लिहिला.

कॉलेजात प्लान सगळेच देत. सत्र उघडायच्या आधी प्राचार्य यज्ञेश्वर सरांच्या टेबलावर प्रत्येक विभागाचा गठ्ठा येऊन पडे. गठ्ठा गेल्या वर्षीचाच, फक्त वरचं साल खोडलेलं. एका विभागात तर अजून अशा देशाचा राज्यकारभार शिकवला जात होता, जो देश नकाशावर उरलेलाच नव्हता. भूगोल शिकवणाऱ्या मृण्मयीला ते खुपे, पण बोलणार कोण? ती पडली अतिथि विद्वान. आमच्या मध्यप्रदेशात सरकारी कॉलेजातली कायमची जागा रिकामी असली की तिथं शिकवणाऱ्याला असं गोड नाव देतात. कायमचा माणूस आला किंवा जागाच नको झाली, की पाहुणा 'फॉलन आउट' होतो. दुधाचा दात पडावा तसा.

मृण्मयी याआधी दोनदा पडली होती, एकदा शाजापूरला, एकदा आगरला. दोन्ही वेळा कोर्स अर्धा झालेला आणि पोरं अर्ध्या नदीत उभ्या म्हशींसारखी तिच्याकडे बघत राहिलेली. ते डोळे तिच्या मनातून जाईनात. या खेपेला आपल्याच गावात, उज्जैनला, जागा मिळाली तेव्हा तिनं ठरवलं, मी पडले तर पडले, पोरं बुडता कामा नयेत.

माधव नगरातल्या घरी बसून तिनं तीस तासांचा प्लान केला. कुठल्या तासाला काय वाचून यायचं, कुठं हमखास चुकतं, चुकलं तर कसं सावरायचं, सगळं. स्वभाव प्रामाणिक असल्यानं बाकीचंही लिहिलं. 'तास नववा : मॅडम पाच मिनिटं उशिरा येतील (नानाखेड्याकडचा रस्ता खणलेला आहे).' 'तास बारावा, भूकंप : मध्यंतरी विनोद.' आणि आपल्या नशिबाचा अंदाज घेऊन, 'तास तिसावा : मॅडम नसतील. विद्यार्थ्यांनी स्वतः उजळणी करावी. शंका असल्यास फोन करावा.'

पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांना प्रती वाटल्या. आपल्याला काय शिकवणार आहेत, हे त्या पोरांना जन्मात कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या बाकावरच्या सौरभनं कागद उलटसुलट करून पाहिला.

"मैडम, इसमें तो सब लिखा है," तो म्हणाला. कोर्टाचा निकाल हाती आल्यावर माणूस बोलतो तसा.

"हो. और सत्र के बीच में इसमें कुछ नहीं बदलेगा," मृण्मयीनं अभिमानानं सांगितलं.

आणि गुण आला. पोरं वाचून येऊ लागली. पूजा नावाची मुलगी नकाशात उज्जैन समुद्रकिनारी ठेवायची, ती आता क्षिप्रेची वळणं झोपेत काढून दाखवी. कुणी चुकलं तर बाजूला बसलेला प्लान उघडून त्याला सावरी. यज्ञेश्वर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "मृण्मयीताई, काय जादू केलीत हो? तुमच्या क्लासातून आवाजच येत नाही!"

आवाज येत नाही, हे मृण्मयीच्याही लक्षात आलं होतं.

नवव्या तासाच्या आदल्या दिवशी रस्ता बुजवला गेला. उज्जैनमध्ये असं होत नाही, पण झालं. मृण्मयी वेळेवर पोचली. वर्गाला आतून कडी होती. तिनं दार वाजवलं. सौरभनं वीतभर उघडलं.

"नमस्ते मैडम. अभी पाँच मिनट बाकी हैं."

"अरे, पण मी आले ना!"

"जी. दिख रहा है," तो अदबीनं म्हणाला आणि दार लोटून घेतलं.

ती व्हरांड्यात उभी राहिली. आत कुणी कुजबुजत नव्हतं, बाक सरकत नव्हता. पाच मिनिटांनी दार उघडलं आणि सगळे उठून उभे राहिले.

बाराव्या तासाला विनोद सांगायचं तिच्या ध्यानातून गेलं. ढिगाऱ्याखाली गाडल्या गेलेल्या एका गावाबद्दल ती सांगत होती. ठरल्या जागी सगळा वर्ग हसला. एकदम हसला, एकदम थांबला. मग सगळ्यांनी पेनं उचलली.

त्या दिवशी घरी जाताना टॅक्सी-टेम्पोत तिला तिसावा तास आठवला आणि पोटात खड्डा पडला. नानाखेड्याचा बुजला, तो इथं उघडला.

दुसऱ्या दिवशी तिनं दुरुस्त प्रती वाटल्या. 'तास तिसावा : मॅडम असतील.' पूजानं त्या गोळा केल्या आणि नीट जुळवून तिच्या टेबलावर परत आणून ठेवल्या.

"मैडम, बीच सत्र में नहीं बदलता. आपने ही कहा था. इसी से तो भरोसा है."

"अगं, पण मी असणार आहे त्या दिवशी!"

"तीसवाँ सबको बहुत पसंद है, मैडम," पूजा हसली. "बड़ी तैयारी से बनाया है आपने."

मग ती यज्ञेश्वर सरांकडे गेली. "सर, पोरं प्लान फार मनावर घेतायत."

"अहो, पोरं काहीतरी मनावर घेतायत! तोंड गोड करा की."

"तिसाव्या तासाला मी नसेन असं लिहून गेलेय मी त्यात."

"सुटी घेताय?"

"नाही."

"मग अर्ज देऊ नका," सर म्हणाले. विषय संपला.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा बाबा, म्हणजे रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले श्रीधरराव, पेपराआडून म्हणाले, "टाइमटेबल म्हणजे टाइमटेबल. आमच्या वेळी एक स्टेशनमास्तर स्वतःच हिरवी झेंडी दाखवून फलाटावर राहून गेला होता. बायको-पोरं गाडीत."

"मग त्या दिवशी घरीच राहा ना," आई चारुलता म्हणाली. "पोहे करते, वरून शेव."

"घरी राहिले तर हजेरीत गैरहजर, आई. पाहुणा गैरहजर दिसला की जागा गेलीच. जाऊन वर्गात दिसायलाच हवं मला."

"दिसशील गं. न दिसायला काय झालं?" आई म्हणाली. मृण्मयीनं पोह्यांना हात लावला नाही.

तिसाव्या तासाला दार उघडं होतं. कडी असती तर बरं, असं तिला वाटून गेलं.

ती आत गेली. कुणी उठलं नाही. सौरभ फळ्यापाशी उभा राहून उजळणी घेत होता. "बसा," ती सवयीनं म्हणाली. सगळे बसलेलेच होते. ती पूजाच्या समोर जाऊन उभी राहिली. पूजानं फळा दिसावा म्हणून मान थोडी वाकडी केली.

"कोई दरवाज़ा लगाओ यार, हवा आ रही है," मागून कुणीतरी म्हणालं.

मृण्मयीनं टेबलावर हात आपटला. पहिल्या बाकावरच्या पोरानं उडालेला खडू शांतपणे झेलला आणि सौरभला दिला. तास सुंदर चालला होता. प्रश्न येत होते, उत्तरं येत होती, चुकलेलं सावरलं जात होतं. तिचा आजवरचा सगळ्यात चांगला तास हाच, हे तिला कबूल करावं लागलं.

तेवढ्यात यज्ञेश्वर सर राउंडवर आले. एका हातात हजेरीपट, दुसऱ्या हातात तिच्या प्लानची प्रत.

"मैडम कहाँ हैं?"

"आज नहीं हैं, सर. प्लान में है," पूजा म्हणाली.

"सर, मी इथं आहे," मृण्मयी म्हणाली. हातही वर केला.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा कागदाकडे पाहिलं. सगळी नोकरी सरकारी. कागद खरा आणि माणूस खोटा निघालेला त्यांनी खूपदा पाहिला होता, उलटं कधीच नाही. त्यांनी तिच्या नावापुढे लाल फुली मारली.

"वाह! बिना टीचर के इतना बढ़िया! भोपाल लिख देता हूँ, इस पद की ज़रूरत ही नहीं है," ते म्हणाले आणि खिडकीच्या कट्ट्यावर हजेरीपट टेकवून तिथंच मजकूर जुळवू लागले.

मृण्मयीच्या पर्समधला फोन वाजला. सौरभचं नाव. तो तिच्यापासून दोन हातांवर, फोन कानाला लावून, तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत उभा होता. तिनं उचलला.

"मैडम, डाउट है. नक्शे पर ऊँचाई की दो समोच्च रेखाएँ एक-दूसरे को काट सकती हैं क्या?"

तिनं फोनमध्येच सांगितलं, "काट सकती हैं. जब चट्टान आगे को लटकी हो. ऊपर खड़े आदमी को पता नहीं चलता कि नीचे कुछ है ही नहीं."

सौरभनं ते मोठ्यानं सांगितलं. सगळी पेनं चालली. खिडकीपाशी सरांचंही चाललं होतं.

"थैंक्यू मैडम. आवाज़ इतनी साफ़ है जैसे यहीं खड़ी हों." तो जरा थांबला. "मैडम, अगले सत्र का प्लान आप ही देंगी ना? उसमें जो लिखेंगी, हम वही करेंगे."

मृण्मयीनं वर्गाकडे पाहिलं. सगळे फोनकडे कान देऊन बसले होते, कुणाची पापणी हलत नव्हती. मग तिनं खिडकीतल्या सरांकडे पाहिलं. ते भोपाळच्या पत्राला 'महोदय' लावत होते.

"आज शाम को भेजती हूँ," ती म्हणाली.

संध्याकाळी आईनं विचारलं, "दिसलीस का गं?"

"नाही. आता पोहे दे," मृण्मयी म्हणाली आणि कागद ओढून बसली. बश्या बाजूला सारून तिनं अक्षर घोटून लिहिलं :

'तास पहिला : मॅडम वर्गात येतील. सगळे उभे राहून त्यांना पाहतील.'

वर शेव भुरभुरली, एक घास खाल्ला, आणि पुढं लिहिलं :

'तास दुसरा : प्राचार्य नसतील.'

शंका असल्यास काय करावं, ते मात्र तिनं या वेळी लिहिलं नाही.