चिमीच्या टबात गिअरचं तेल

रविवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मला उचललं आणि माझ्या अब्रूचं खोबरं झालं. मी चिमीचा आंघोळीचा टब बोलतोय. रागात बोलतोय, म्हणून एखादा शब्द जास्त गेला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात गेलं, थंड झालं आणि मी बाहेर पडलो. रंग फिका पिवळा. तळाला बारीक बारीक रेघा, बाळ घसरू नये म्हणून. त्या रेघांचा मला फार अभिमान. पुढे त्याच नडल्या.

चिमीच्या आईच्या वडिलांनी मला दुकानातून आणलं. घेताना त्यांनी माझ्या काठावरून सगळीकडे अंगठा फिरवला, कुठे टोचतंय का बघायला. लेक त्यांच्याही वरताण. पाणी आधी हाताने बघायची, मग कोपराने, मग पुन्हा हाताने. चिमी पाय आपटायची, पाणी आईच्या तोंडावर उडायचं, आणि तेवढा वेळ तरी त्या बाईच्या कपाळावरची आठी जायची. माझं काम तेवढंच. ते मी मन लावून करत होतो.

आता चिमीचे बाबा. चष्म्याच्या दुकानात नोकरी. दिवसभर लोकांना विचारतात, “आता नीट दिसतंय का?” स्वतःला मात्र एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे दारात उभी असलेली लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी गाडी. स्पोर्ट्स कार म्हणे. जुनीच घेतलेली. चिमीची आई तिला ‘माझी सवत’ म्हणते.

सवतीचा दुसरा गिअर टाकला की खर्रकन आवाज यायचा.

“गिअरबॉक्समधलं तेल बदललं की लोण्यासारखी चालेल. घरीच करतो,” बाबा म्हणाले.

“गॅरेजला द्या ना. गाडी अंगावर आली म्हणजे?”

“झालं तुझं सुरू! गाडी उचलून चारी बाजूंनी खाली स्टँड लावतोय. मोबाइलवर सगळं दाखवतात.”

स्टँड लावले, ते चांगलंच केलं. पण तेल धरायला काय ठेवायचं, हे गाडीखाली झोपल्यावर सुचलं. बादली आत जाईना. स्वयंपाकघरातलं भांडं उचलायची छाती नव्हती, तिथे त्यांची आई उभी होती. मग नजर गेली माझ्यावर. मी मागच्या दारात उन्हाला पालथा पडलो होतो. उथळ, रुंद आणि बिनबोलका! उचललं आणि सारलं गाडीखाली.

बाबांनी खालचा बोल्ट सोडला. काळंकुट्ट, कोमट तेल माझ्या अंगावर आलं. वास म्हणाल तर नासक्या अंड्यांचा. त्यात गिअर घासून पडलेला लोखंडाचा चुरा, चांदीसारखा चमकणारा. ज्या अंगाला आजवर बाळाचा साबण लागला, त्याला हे! मी काय गटार आहे?

पुढे तर कहरच. तेल सगळं निथळल्यावर बाबा नवं तेल भरायला गेले, तर वरचा भरायचा बोल्ट हलेना. जोर लावला तसा पाना सटकला आणि बोल्टाचे कोपरेच झिजले. मग मोबाइलवरचा व्हिडिओ पुन्हा लावला. त्यातला माणूस पहिल्याच वाक्याला सांगत होता, आधी वरचा बोल्ट सुटतो का बघा, मगच खालून तेल काढा. बाबांनी सुरुवातीची बडबड म्हणून तेच पुढे ढकललं होतं.

इतक्यात आतून हाक आली, “अहो, टब कुठंय? चिमीने सगळं अंग बरबटून घेतलंय!”

बाबांची तंतरली. माझ्यातलं तेल रंगाच्या रिकाम्या डब्यात ओतलं, भांड्यांचा साबण फासला, पाणी मारलं, स्वतःच्या बनियनने पुसलं आणि मला न्हाणीघरात ठेवून दिलं. एक अक्षर बोलले नाहीत. मला तोंड असतं तर तिथेच बोंब ठोकली असती.

चिमीच्या आईने गरम पाणी ओतलं. वाफेबरोबर वास वर आला. ती थबकली.

“अहो, टबाला कसला वास येतोय?”

“तुला कशाला वास येत नाही?” बाबा बाहेरूनच म्हणाले.

सासूबाईंनीही री ओढली. “अगं, परवा दुधालाही येत होता ना? फार मनाला लावून घेतेस बाई. घाल पोरीला, गारठेल.”

माझा सगळ्यात जास्त राग कशावर असेल तर दोघांच्या या बोलण्यावर. तेल धुतलं तर थोडं तरी निघतं. पण रोज कुणाला ‘उगाच घाबरतेस’ म्हणत राहिलं, तर त्या माणसाचा स्वतःच्या नाकावरचा विश्वास उडतो. तिचाही उडालाच होता. तिने चिमीला उचललं. इवलेसे पाय माझ्या पाण्यावर आले. मी मनातल्या मनात ओरडत होतो, नको गं, नको!

टाच पाण्याला टेकणार, तोच तिने पोरीला वर घेतलं आणि कडेवर दाबून धरलं. “काढू देत मला वेड्यात, काढायचं असेल तर,” असं पुटपुटत तिने दुसरा हात पाण्यात घातला आणि माझ्या तळाच्या रेघांमधून बोट फिरवलं. बोट बाहेर आलं ते चमचमत. पाण्यावर तेलकट रंग पसरले होते.

तिने ते बोट आधी सासूबाईंच्या नाकाशी धरलं. मग नवऱ्याच्या.

“पुसला होता मी नीट,” बाबा म्हणाले.

“काय पुसलं होतंत?”

बाबांनी दारातल्या गाडीकडे बोट केलं. मग सासूबाईंचा पट्टा सुटला. “अरे, लेकराच्या टबात गाडीची घाण? अक्कल त्या तेलाबरोबर सांडली का तुझी?” सुनेला मात्र त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं चिमीला गुंडाळायला पंचा आणून दिला, आणि जरा वेळाने म्हणाल्या, “ते परवाचं दूध मीही हुंगून बघायला हवं होतं.”

चिमी आता आईच्या पायांवर आंघोळ करते. मला परत घेणार नाहीत, आणि घेऊही नये. आत शिरलेलं तेल माझ्यातून जायचं नाही. मी आता गाडीखाली असतो. गाडी पोटात थेंब नसताना स्टँडवर उभी, वरचा बोल्ट अजून अडलेला.

माझं जे व्हायचं ते झालं. तुमच्या ओळखीत कुणी घरी गिअरचं तेल बदलणार असेल तर त्याला एवढं सांगा, आधी वरचा बोल्ट सोडून बघ आणि तेलासाठी वेगळं भांडं आण. आणि कुणा आईने ‘वास येतोय’ म्हटलं, तर उत्तर द्यायच्या आधी उठून वास घेऊन बघा. हे चार घरी सांगा. मला पाय नाहीत.