मोठीआई तांबडीशी काय बोलायची

मोठीआई गेली त्याच संध्याकाळी तांबडी गाईने पान्हा चोरला. म्हणजे गाय शहाण्यासारखी उभी राहिली, चारा खाल्ला, कासेला हातही लावू दिला, फक्त दूध तेवढं वर ओढून धरलं. बादलीच्या तळाशी चूळ भरण्याइतकं पडलं असेल नसेल. घरात माणसांची रीघ लागली होती, सगळ्यांचे डोळे सुजलेले, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मुक्या जनावरालाही कळतं हो, असं म्हणत येणारा-जाणारा तांबडीच्या पाठीवरून हात फिरवून गेला. दोन-चार दिवसांनी कास दगडासारखी टणक झाली, तेव्हा त्याच लोकांना ती गाय आडमुठी वाटायला लागली. माणसांचं कौतुक फार दिवस टिकत नाही.

आता घरात राहिली चार माणसं: मोठीआईचा थोरला मुलगा आणि त्याची बायको, धाकटा मुलगा आणि त्याची बायको. गोष्ट आहे ती या शेवटच्या बाईची. तिला सगळे धाकटी म्हणत. तिचे केस पिकले, तिची मुलगी शहरात नोकरीला लागली, तरी ती आपली धाकटीच.

लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे तीसेक वर्षं, धाकटी रोज सकाळी गोठ्याच्या दाराबाहेर नळावर बसून बादल्या घासत आली होती. आत मोठीआई धार काढायची. एके काळी दावणीला पुष्कळ गाई होत्या, अलीकडे एकटी तांबडीच उरली होती, पण नियम तोच: धार काढताना आत कुणी यायचं नाही. बाहेर ऐकू यायचा तो आधी रिकाम्या बादलीवर धारांचा टणटणाट, मग बादली भरत जाईल तसा भरीव आवाज, आणि त्या आवाजाखाली मोठीआईचं बोलणं. संथ, न थांबणारं. धाकटीने कान टवकारून टवकारून पाहिलं होतं, पण एक शब्द कधी हाती लागला नाही.

मग मोठीआई कमरेवर हात देत बाहेर यायची, बादलीत वाटी बुडवायची आणि धारोष्ण दुधाची ती पहिली वाटी धाकटीपुढे धरायची.

"बघ गं, बरं आहे का."

धाकटी प्यायची आणि म्हणायची, "बरं आहे." झालं, सासूसुनेचं सकाळचं संभाषण संपलं. दूध डेअरीच्या गाडीत जायच्या आधी कुणीतरी चव बघायला हवीच, ते काम आपल्याकडे आलं, अशी धाकटीची समजूत होती.

भेटायला येणारा प्रत्येक जण मोठीआईची एक गोष्ट घेऊन येत होता. आयुष्यच तेवढं लांब होतं. तिचं वय नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की सांगायची, माहेरची विहीर खणली तेव्हा मी चालायला लागले होते. विहीर कधी खणली विचारलं तर म्हणायची, मी चालायला लागले तेव्हा. पूर आला त्या वर्षी तिने अर्ध्या गावाला माळ्यावर झोपवलं होतं. सुताराच्या पोरक्या पोरीला तिने आपल्या पोरांच्या पंगतीत वाढवलं. भांडणारे दोन भाऊ तिच्या ओट्यावर आले की ती त्यांना शेंगा सोलायला बसवायची, आणि शेंगा संपेपर्यंत भांडण कशावरून होतं तेच त्यांना आठवायचं नाही. आणि सगळ्यांच्या तोंडी शेवटचं वाक्य एकच: मोठीआईला रागावलेलं कुणी पाहिलं नाही, कुणाविषयी वाकडा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नाही.

प्रत्येकाजवळ तिने म्हटलेलं काहीतरी होतं. थोरल्याला ती म्हणाली होती, तू तुझ्या वडिलांसारखा भिडस्त. थोरल्या सुनेला म्हणाली होती, तुझ्या हाताला बरकत आहे. धाकटी चहाचे कप उचलत सगळं ऐकायची आणि आपल्यासाठी काय ते शोधायची. काही सापडायचं नाही. मोठीआई तिला ना बरं म्हणाली, ना वाईट. वाईट म्हणाली असती तरी चाललं असतं. माणूस निदान भांडतं, रडतं, मोकळं होतं. आपण तिला कशा वाटत होतो, हे विचारायचं धाकटीने रोज उद्यावर टाकलं आणि म्हातारी एक दिवस उद्याच घेऊन गेली.

गुरांच्या डॉक्टरने सुई टोचली, एक वेळ दूध आलं. "रोज टोचून चालायचं नाही," तो म्हणाला. "असंच राहिलं तर कास जाईल. कोण धार काढायचं हिची?"

"आई," थोरला म्हणाला.

"मग त्या काय करत होत्या ते करा."

काय करत होती? तेच तर कुणाला ठाऊक नव्हतं. थोरल्याचं मत, आई देवाचं नाव घ्यायची. थोरली जाऊ म्हणाली, छे, त्या दिवसभराची कामं घोकायच्या. धाकटीच्या नवऱ्याला पक्कं वाटत होतं की आई गायची. मग काय, सगळं घर कामाला लागलं. थोरला आईची शाल पांघरून आईच्या तिवईवर बसला. तांबडीने शाल हुंगली, चाटली, मान वळवून वर त्याचा मिशीवाला चेहरा पाहिला आणि बादलीला लाथ घातली. धाकटीचा नवरा गायला. शेजारचं कुत्रं रडायला लागलं, गाय नाही पान्हावली. शेवटी शहरातल्या मुलीने फोनवर आजीच्या आवाजाची एक फीत पाठवली. कुणाच्या तरी लग्नात मोठीआई दोन वाक्यं बोलली होती, तेवढीच. ती गोठ्यात लावली तर तांबडीने दावं ताणलं आणि दाराकडे बघत राहिली. दाराआडून कुणी येईना, तशी हंबरली. ती फीत पुन्हा लावायला कुणी धजावलं नाही.

"उद्याचा दिवस बघू," थोरला म्हणाला. "परवा बाजार आहे, दलालाला बोलवतो. माझ्यानं हिचे हाल बघवत नाहीत."

तो जात्याच मऊ माणूस, त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. पण धाकटीला ते पटेना. मोठीआईने जे काही बोलायचं ते गाईच्या कानात बोलून ठेवलं होतं, आणि तो कान आता ट्रकमधून जाणार होता. गाय काही सांगणार नव्हती, हे धाकटीला कळत होतं. तरी पण.

त्याच दुपारी आत्याबाई आल्या. मोठीआईची नणंद, काठी टेकत, कानाने कमी, जिभेने नाही. गोठ्याची हकिकत ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसल्या. एवढ्या दुखवट्याच्या घरात त्यांचं हसू ऐकून थोरली जाऊ स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"देवाचं नाव? आमची वहिनी? अगं, कागाळ्या करायची ती गाईजवळ."

"कागाळ्या?" धाकटीने विचारलं.

"मग. आमची आई म्हणजे जमदग्नी. नव्या सुनेनं घरात ब्र काढायचा नाही. मग ती गोठ्यात जायची आणि गाईला सगळं सांगायची. मी लहान, गव्हाणीमागे लपून ऐकायचे. काय एकेक बोलायची! आमच्या आईचं चालणं, आईचं घोरणं, काही सोडायची नाही. बादली भरली की मग झाडून सगळं संपलं. तोंड पुसून, हसत बाहेर."

"आणि कुणी पकडलं नाही?"

"मी होते ना पकडायला. पण सांगू कशाला? मला बरं वाटायचं, आईवर बोलणारं कुणीतरी घरात आहे म्हणून." आत्याबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली. "आणि एक होतं हो तिचं. ज्याच्यावर जास्त तोंडसुख घेतलं, त्याला बाहेर आल्यावर पहिली वाटी. आमच्या आईला किती वर्षं पहिली वाटी मिळाली. आईला वाटायचं, सून मान देते."

थोरली जाऊ खुदकन हसली आणि मग धाकटीकडे बघून एकदम गप्प झाली. पहिली वाटी तीस वर्षं कुणाला मिळत होती, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

धाकटी उठली आणि परसात जाऊन उभी राहिली. बरं का वाईट, एवढंच तर तिला हवं होतं, आणि मिळालं ते हे. रोज. एक दिवस खाडा नाही. आजारी असताना म्हातारीने वाटी अंथरुणापाशी आणून दिली होती. म्हणजे आजारपणावरही बोलून झालं असणार. आपण "बरं आहे, बरं आहे" म्हणत पीत राहिलो. असा राग आला तिला, की जाऊ दे ती गाय बाजारात, असं वाटून गेलं.

रात्र तशीच गेली. सकाळी मात्र ती बादली घेऊन गोठ्यात शिरली. राग होताच, पण रागाहून मोठी गोष्ट म्हणजे कुतूहल, आणि ते तीस वर्षांचं जुनं. तिवईवर बसून तिने कास कोमट पाण्याने पुसली, सडांना हात घातला. दोन थेंब. मग बंद.

"तुला काय, सवय आहे ऐकायची," ती तांबडीला म्हणाली. "ऐक मग."

सुरुवात तिने जावेपासून केली. हाताला बरकत म्हणे. बरकत आहे कारण भांडी मी घासते. तांबडीचा एक कान मागे वळला. मग नवऱ्यावर, त्याच्या गाण्यावर. बादलीत टण्ण झालं. धाकटी बोलत राहिली, आणि बोलता बोलता गाडी वळली ती थेट मोठीआईवर. "आणि ही तुझी मालकीण. तीस वर्षं नळावर बसवलं मला. थंडीत बोटं वाकडी झाली माझी. मी पहिल्यांदा पडदे शिवले, एक शब्द नाही. माझी आई वारली, माझ्याजवळ येऊन बसली दिवसभर, पण बोलली काय, तर काही नाही. पोरीला शहरात पाठवायचं मी भांडून ठरवलं, तेव्हा सगळं घर माझ्या विरुद्ध. हिनं गुपचूप पोरीची ट्रंक काढून पुसून ठेवली. ठेवली ती ठेवली, तोंडानं म्हणायला काय झालं होतं, की कर, बरोबर करते आहेस? आणि आता गेली. न सांगता. सकाळी वाटी दिली आणि दुपारी गेली, हे काय जाणं झालं?"

तिचा आवाज फाटला होता. दोन्ही हातांखाली धारा अशा चालल्या होत्या की बादलीचा आवाज कधी भरीव झाला ते तिला कळलं नाही. तांबडी रवंथ करत होती. धाकटी थांबली, तिने आत चाचपून पाहिलं, तर राग कुठे शिल्लक नव्हता. फक्त म्हातारीची फार आठवण येत होती. ज्याचं आपल्याला काही नाही, त्याच्यावर रोज उठून कोण एवढं बोलेल?

ती कमरेवर हात देत बाहेर आली. नळावर थोरली जाऊ बसली होती, हातात घासायची बादली. तिने कधी बादली घासल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भरलेली बादली पाहून तिचा चेहरा उजळला आणि लगेच बारीक झाला.

"काय गं," तिने हळूच विचारलं, "माझ्यावर बोललीस का?"

"थोडंसं. तुमचा नंबर उद्या, ताई. आज सगळं सासूबाईंवरच."

थोरलीने मान खाली घालून बादली घासायला घेतली. धाकटीने वाटी बुडवली. वाटी भरली, वाफ येत होती, आणि मग तिच्या ध्यानात आलं की ही पहिली वाटी जिच्या हक्काची, तीच आता घ्यायला नाही. ती तशीच उभी राहिली. गोठ्यात तांबडी शेपटीने माश्या हाकत होती. दार उघडंच होतं.

धाकटीने वाटी तोंडाला लावली, सगळी प्यायली, आणि रिकाम्या दाराकडे बघून रोजच्यासारखं म्हणाली, "बरं आहे."