फोटोपुरती ओळ

पाळीप्रमुख झाल्यावर गिरधरला तीन गोष्टी मिळणार होत्या: ऑफिसातली फिरती खुर्ची, मोटारसायकल कापसाच्या जिनिंगच्या फाटकातून थेट आत नेण्याची मुभा आणि 'साहेब' ही हाक. पहिल्या दोन शेठच्या हातात होत्या. तिसरी कामावरच्या साठ बायांच्या तोंडात होती, आणि त्या बाया त्याला 'गिरधरभाऊ' सोडून दुसरं काही म्हणायला तयार नव्हत्या. म्हणून ब्राह्मणपुरीच्या घरात सकाळी सात वाजता तो आरशासमोर आवाज जड करत उभा होता.

"सर्व महिला कामगारांनी शांतपणे मोकळ्या जागेत जमावे."

"आरसाम्होरे कोनले रागे भरी ऱ्हायनात?" ओट्याजवळून रंजनाने विचारलं. "घरमा एकच महिला कामगार शे. ती चहा करी ऱ्हायनी."

"हाई नेतृत्व शे. नाशिकले दोन दिन शिकाडं आमले."

"काय शिकाडं?"

"उभं कसं ऱ्हावानं ते."

"मंग अठ्ठेचाळीस वरीस तुमी काय बठेल व्हतात?"

गिरधरने आरशात हनुवटी आधी वर केली, मग खाली. बायकोशी वाद घालताना हनुवटी कुठे ठेवायची, हे शिबिरात सांगितलं नव्हतं.

बाकी सगळं सांगितलं होतं. पाय खांद्याइतके दूर ठेवायचे. बोलण्याआधी मनात तीनपर्यंत मोजायचं, म्हणजे माणूस गडबडलेला दिसत नाही. आणि हाताखालच्या लोकांशी घरची बोली बोलायची नाही. त्याने अंतर राहत नाही. कॉलरला माइक लावलेल्या त्या सरांचं एकेक वाक्य गिरधरने वहीत उतरवून घेतलं होतं. बावीस वर्षांपूर्वी तो तेलाचा डबा घेऊन शहाद्याच्या या जिनिंगमध्ये लागला होता. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यात खडा अडकला, तर तो तीन रेचे पलीकडून नुसत्या आवाजावर सांगायचा. कापसाच्या गंजीत हात घालून आत ऊब धरली आहे की नाही ते ओळखायचा. त्याने एकदा "उठा वं बाया" म्हटलं की साठच्या साठ बाया हातातलं टाकून उठत. ही हाक त्याला कुणी शिकवली नव्हती, फी घेतली नव्हती, प्रमाणपत्रही दिलं नव्हतं. त्यामुळे ती आपल्याकडे आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

धर्मेंद्रशेठने वडिलांकडून कारभार घेतला आणि दर महिन्याला आगीची रंगीत तालीम सुरू केली. तालमीचे फोटो बँकेला आणि विमा कंपनीला जात. पहिल्या वेळी साठही बाया उठल्या, उन्हात उभ्या राहिल्या आणि अर्धा तास गेला. कापूस निवडण्याची मजुरी टोपलीवर असते; उन्हात उभं राहण्याची नसते. संध्याकाळी छबूबाईने गिरधरला गाठलं. ती शहाद्याचीच, वयाने सगळ्यांत मोठी, पुढच्या ओळीत बसणारी.

"गिरधरभाऊ, तुन्हा फोटोमा किती बाया मावतस?"

"वीस-पंचवीस."

"मंग साठ कसाले उठाडस? पुढली ओळ उठी. मांगली काम करी."

गिरधरने विचार केला. फोटो भरलेला दिसणार, काम थांबणार नाही, बाया कुरकुरणार नाहीत. सौदा चोख होता. तेव्हापासून पद्धतच पडली. गिरधर पाय फाकवून, हनुवटी वर करून पुस्तकी बोलायला लागला की छबूबाई म्हणायची, "चला वं, फोटो ऊना," आणि पुढची ओळ पदर सारखे करत उठायची. मागच्या ओळीत धडगावकडून हंगामाला उतरलेल्या सातपुड्यातल्या बाया बसत. त्या मानही वर करत नसत.

त्यांच्यात रूपलीबाई होती. सहा हंगाम ती येत होती. कामावर बोलण्यापुरती अहिराणी शिकली होती आणि पहाडातल्या रीतीने शेठसकट सगळ्यांना 'तू' म्हणत होती. तिच्या निवडलेल्या कापसात पुन्हा हात घालावा लागत नसे.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी शेठ बँकेच्या दोन साहेबांना घेऊन आत आला. गिरधर त्यांना गंजी दाखवत होता, तोच चौथ्या रेच्यात खडा कडकडला. पाठोपाठ वास आला, इस्त्रीखाली कापड राहिल्यासारखा. आग आहे हे ओळखायला त्याला निमिषही लागलं नाही. एरवी मान वळवायच्या आधीच त्याच्या तोंडातून हाक गेली असती.

पण शेजारी शेठ होता. दोन पांढरे शर्ट होते. बढतीचा कागद अजून सहीसाठी पडून होता.

गिरधरने पाय खांद्याइतके दूर घेतले. एक. दोन. तीन.

"सर्व महिला कामगारांनी शांतपणे मोकळ्या जागेत जमावे."

आवाज सुरेख लागला होता. तालीम समजून शेठने पाहुण्यांकडे अभिमानाने पाहिलं. छबूबाई उठली, पुढची ओळ उठली आणि रांगेने बाहेर निघाली. मागची ओळ निवडत राहिली. पुढच्या बाया गेल्यामुळे जागा मोकळी झाली, म्हणून रूपलीबाईने आपली टोपली गंजीच्या आणखी जवळ ओढली. गिरधरने हात वर करून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने, आणखी शुद्ध. रूपलीबाई शेजारच्या भाचीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

तेवढ्यात भिंतीवर साचलेल्या रुईच्या तंतूंवरून आग सरसरत गेली आणि गंजीवर उतरली.

"पया वं बाया! आग लागनी, पया!"

गिरधरचा गळा फाटला. हनुवटी कुठे गेली, हात कुठे गेले, त्याला कळलं नाही. एका क्षणात सगळी मागची ओळ उठून पळाली. भाचीच्या लुगड्याला लागलेलं मात्र रूपलीबाईला आधी दिसलं. तिने ते दोन्ही हातांनी दाबून विझवलं. पेटलेला कापूस तळहाताला चिकटतो आणि झटकला तरी सुटत नाही.

तिसऱ्या दिवशी गिरधर नंदुरबारच्या दवाखान्यात गेला. रूपलीबाईचे हात कोपरापर्यंत बांधलेले होते. भाची तिला चमच्याने पेज भरवत होती.

"भाऊ, तू पहिले पन बोलना व्हता ना?" रूपलीबाई म्हणाली. "मले वाटनं, फोटो शे."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती स्वतःची चूक सांगत होती. चूक मन्ही शे, एवढंच गिरधरला म्हणायचं होतं. मोटारसायकलवर येताना तो तेच घोकत आला होता. पण तोंडातून दुसरेच शब्द बाहेर आले.

"आराम करा. सर्व काही ठीक होईल."

भाचीने चमचा थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पेज भरवायला लागली.

शेठने त्याला ऑफिसात बोलावून कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. त्यात चित्र होतं, आवाज नव्हता. पडद्यावर एक माणूस हात वर करून खांबासारखा उभा होता आणि बाया रांगेने बाहेर जात होत्या; मागची ओळ चौकटीत येत नव्हती. पहिल्या वाक्यापासून ओरडण्यापर्यंत बावीस सेकंद गेले होते. घड्याळ कोपऱ्यात दिसत होतं. ओरडण्याच्या आधी शेठने चित्र थांबवलं.

"याला म्हणतात दबावाखाली स्थिर राहणं. पुढचं आपण कापून टाकू. पुढे सगळी पळापळच आहे."

"शेठ, त्या मागल्या बाया..."

"काय झालं त्यांचं?"

काचेपलीकडे बढतीचा कागद टाइप होत होता. "काही नाही," गिरधर म्हणाला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर तो पाळीप्रमुख झाला. त्याच दिवशी छबूबाईने त्याला पहिल्यांदा साहेब म्हटलं. "साहेब, टोपल्या कोठे ठेवान्यात?" आणि उत्तर न ऐकताच टोपल्या नेहमीच्या जागी ठेवून ती निघून गेली. त्यानंतर तिने त्याची थट्टा केली नाही.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. फाटकावर हजेरीचं नवं यंत्र बसलं होतं; अंगठा लावला की नाव लागायचं. पहिल्याच दिवशी रांगेत रूपलीबाई होती, मागे भाची. रूपलीबाईची बोटं आतल्या बाजूला वळली होती, कातडी गुळगुळीत आणि गुलाबी झाली होती. तिने अंगठा मनगटासकट वळवून काचेवर टेकवला. पुन्हा प्रयत्न करा, यंत्राने दाखवलं. तिने पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा टेकवला. तिच्या अंगठ्यावर वाचण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

रांग चुळबुळायला लागली. हाताने नाव लिहायची वही गिरधरच्या काखेत होती. फार तर शेठ विचारणार होता, आणि मग त्याला सगळंच सांगावं लागणार होतं. गिरधरने ऑफिसच्या काचेकडे पाहिलं. शेठ फोनवर होता, पाठमोरा. तरी गिरधरने वही उघडली नाही.

"ऱ्हाऊ दे भाऊ," रूपलीबाईच म्हणाली. "पोरले घे."

भाचीचा अंगठा एका टेकणीत लागला.

अकरा वाजता आत नव्या तीन पर्यवेक्षकांना ते चित्रण दाखवलं. ते बरोबर ठरलेल्या जागी थांबलं. एक तरुण मनापासून म्हणाला, "साहेब, एवढ्या गडबडीत तुम्ही नेमकं काय बोललात?"

गिरधरने मनात तीनपर्यंत मोजलं आणि ते वाक्य शुद्ध म्हणून दाखवलं.

"आणि सगळ्या लगेच उठल्या?"

"दिसतंच आहे," गिरधर म्हणाला.

खिडकीतून फाटकाबाहेरची सावली दिसत होती. रूपलीबाई तिथे बायांच्या भाकरीची गाठोडी राखत बसली होती आणि जवळ येणाऱ्या कुत्र्याला कोपराने हाकलत होती.

त्या आगीत शेठची एक गंजी गेली, ती विम्याने भरून दिली. भिंत काळी झाली, तिला चुना लावला. छबूबाईची थट्टा गेली, पण तिची हजेरी चालू होती. गिरधरचं काही गेलं असलं तरी त्याचा हिशेब कुणी मागितला नाही. बाकी सगळं रूपलीबाईने भरलं, आणि तेही आपलीच चूक समजून.