तीन जादा नग

सुजाण वाचकांस आरंभीच विदित करतो, की पुढील हकीकतीत माझ्या कैलासवासी वडिलांच्या खेळण्यातील आगगाड्यांचे मूल्य कसे ठरले, त्या कोणाच्या हाती गेल्या, आणि जाता जाता माझ्या छातीवरील बत्तीस वर्षांचा धोंडा त्यांनी कसा उतरविला, हे मी यथाक्रम व काहीही न लपविता सांगणार आहे. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतच झाले. उर्वरित विद्या मी वाचनालयातून घरी आणलेल्या ग्रंथांपाशी घेतली. तेव्हा भाषेत कोठे उणे आढळल्यास तो दोष माझा समजावा. घटनेत मात्र उणे काही नाही.

माझे वडील लवू धुरी हे परळच्या एका कापड गिरणीत एकतीस वर्षे गेटकीपर होते. गिरणीतून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू, मग ती यंत्राचा सुटा भाग असो की सुताची एखादी लड, गेटपासावर लिहिलेली असल्याखेरीज त्यांच्या समोरून पुढे सरकत नसे. कामगारांच्या जेवणाचे डबेही ते उघडून पाहत. त्यामुळे गिरणीत त्यांना मित्र फार नव्हते. परंतु लवू धुरी खोटा आहे, असे शत्रूनेही कधी म्हटले नाही.

अशा पुरुषाच्या खाटेखाली एक काळी ट्रंक होती. तिच्यात विलायती बनावटीच्या, चावीवर चालणाऱ्या पत्र्याच्या आगगाड्या होत्या. वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या दिवशी, वडील दाराला आतून कडी घालीत, इंजिने बाहेर काढून शिवणयंत्राच्या तेलाने पुशीत, त्यांना हळदकुंकू लावीत आणि पुन्हा ट्रंकेत ठेवीत. मी नऊ वर्षांचा असताना एकदा धीर करून म्हणालो, "बाबानू, एकदाच चालवून दाखवा ना."

"हात लावू नको," ते म्हणाले. "ह्या सगळा आपला नाय."

"मग कोणाचा?"

"कोणाक सांगू नको. गप रव."

'ह्या सगळा आपला नाय' या चार शब्दांनी माझ्या बालमनात जे बीज पडले, त्याचा पुढे वृक्ष झाला. जे आपले नाही, ते आपल्या खाटेखाली का? आणि जे लपवावे लागते, ते कोठून आले? गेटवरच्या माणसाची झडती कोण घेणार? मी हा प्रश्न कोणालाही विचारला नाही. आम्ही परळहून जोगेश्वरीच्या खोलीत राहावयास आलो, तेव्हा टेंपोत ती ट्रंक सर्वांआधी चढली. गेल्या फेब्रुवारीत, म्हणजे सन १९८५ मध्ये, वडील निवर्तले. आणि ट्रंक संशयासह माझ्या वाट्यास आली.

माझी कन्या वनमाला यंदा दहावीत आहे. तिला अभ्यासाचे टेबल हवे होते, आणि खाट व ट्रंक हलल्याविना आमच्या खोलीत टेबल मावणार नव्हते. याच सुमारास सायंदैनिकात एक छोटी जाहिरात माझ्या दृष्टीस पडली: 'जुनी चावीची खेळणी पारखून योग्य किमतीस घेतली जातील. विद्याधर सबनीस, मुलुंड.' माझी पत्नी मालन हिने ती जाहिरात कात्रीने कापून माझ्या डब्याखाली ठेवली. ऑक्टोबरच्या एका सुटीच्या दिवशी, ट्रंकेतील वरवरची दोन इंजिने कापडी पिशवीत घालून मी निघालो. ट्रंकेच्या तळाशी हात घालण्याचे धाडस मला झाले नाही.

गोरेगावहून आरे कॉलनीच्या रानातून जाणाऱ्या बसमध्ये मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. तबेल्यांचा वळसा येताच आतील पत्रा खणखणला. कंडक्टर थांबला.

"काय आहे हो पिशवीत?"

"खे... खेळणं."

"खेळणं? मग एवढा घाम कशाला फुटलाय? चोरून आणलंय की काय?"

सारी बस हसली. मलाही हसावयास हवे होते; पण मी पिशवीचे तोंड अधिकच आवळून धरले. आपल्या अंतःकरणातील गुप्त गोष्ट परक्या माणसाने तिकिटे फाडता फाडता बोलून टाकावी, याहून मोठी शिक्षा मला ठाऊक नाही.

विद्याधर सबनीस हे एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरील घरात देव्हाऱ्यापेक्षा आगगाड्यांच्या फळ्या अधिक होत्या. त्यांनी भिंग डोळ्याला लावून माझे इंजिन उलटेसुलटे पाहिले.

"वा! रंग मूळचा आहे. कोणी ब्रश फिरवला नाही, हे नशीब. पण कपाळावर हे लाल काय?"

"कुंकू, साहेब. खंडेनवमीचं."

"विलायती इंजिनाला कुंकू! झकास. आणि साहेब नका म्हणू हो, मी आयुष्यभर साहेबांच्या शिव्या खाल्ल्यात. बरं, याचं टेंडर कुठंय?"

"टेंडर नाही काढलं. जाहिरात वाचली आणि थेट तुमच्याकडेच आलो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "विनोदी आहात. पण टेंडर नसेल तर किंमत निम्मीच धरावी लागेल, आधीच सांगतो."

मी मान हलविली. मी ज्या कारखान्यात स्टोअरमध्ये काम करतो, तेथेही भंगार विकावयाचे झाल्यास तीन बंद पाकिटे मागवितात. पाकिटे न मागविता माल विकणाऱ्यास भाव कमी मिळतो, हा व्यापाराचा नियमच असणार, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली.

"एक गोष्ट मात्र," ते म्हणाले, "याचा काही कागद आहे? तुमच्या वडिलांकडे हे कुठून आलं?"

माझ्या कानांत बसमधले हसू पुन्हा उसळले. "माहीत नाही," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"तुमच्यावर शंका नाही घेत मी. पण एकदा एका गृहस्थानं भावाची वस्तू मला विकली, आणि भाऊ माझ्या दारात येऊन बसला. तेव्हापासून कागद नाही तर खरेदी नाही. रविवारी येतो, बाकीचं बघतो. तोवर शोधा."

घरी येऊन मी मालनला सांगितले, की हा विचार सोडून द्यावा, ट्रंक आहे तेथेच बरी. आणि मग, लग्नाला अठरा वर्षे झाल्यावर, माझा संशय प्रथमच तिच्यापाशी उघड केला.

"मामंजींनी चोरी?" ती कणीक मळता मळता थांबली. "रस्त्यात छत्री सापडली तर तीन संध्याकाळ त्याच जागी छत्री धरून उभे राहिले, मालक येईल म्हणून. ते चोरी करतील?"

"तेच तर. एवढं काटेकोर माणूस कधी वागतो? कशाचं तरी प्रायश्चित्त घ्यायचं असतं तेव्हा."

"पुस्तकं वाचून डोकं फिरलंय तुमचं. ट्रंकेच्या तळाशी काय आहे ते बघितलंत कधी?"

"नाही."

"बघा मग! बापाच्या ट्रंकेला घाबरणारा एवढा मोठा बाप्या मी नाही बघितला कधी."

तरीही मी रविवारपर्यंत ट्रंक उघडली नाही. मला कागद सापडणार नाही याचे भय नव्हते. सापडला तर त्यात काय असेल, याचे होते. वडील हयात असते तर एकवेळ भांडलो असतो. पण मृत माणसाला चोर ठरविल्यावर त्याच्या फोटोला हार कोणत्या हातांनी घालावा?

ठरल्याप्रमाणे सबनीस आले, आणि खोलीत चटईवर मांडी घालून एकेक वस्तू बाहेर काढू लागले. तिसरे इंजिन निघाले, अकरा डबे निघाले, रूळ, दोन सिग्नल आणि पत्र्याचे एक इवलेसे स्टेशन निघाले. शेवटी तळाशी धोतराच्या फडक्यात सुतळीने बांधलेले एक गाठोडे राहिले. सुतळीत एक चिठ्ठी खोवलेली होती. अक्षर वडिलांचे होते. ती मीच वाचावी म्हणून सबनिसांनी माझ्या हाती दिली.

'हे तीन नग पासावर नाहीत. माझ्या नजरचुकीने गेटबाहेर आले. साहेबांचा पत्ता मिळताच परत करणे. तोवर कोणी खेळू नये. लवू धुरी, गेटकीपर.'

चिठ्ठीखाली घडी घातलेला, गिरणीचा शिक्का असलेला एक पिवळा कागद होता. तो इंग्रजीत होता. मी तो सबनिसांपुढे धरला. मालन माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली.

सबनीस मराठी करून सावकाश वाचू लागले. "चौदा एप्रिल एकोणीसशे पन्नास. गेटपास. खालील वस्तू मी, विव्हिंग मास्टर, कायमचा मायदेशी परत जात असल्यामुळे, गेटकीपर लवू धुरी यांस भेट देत आहे. माझा मुलगा आता मोठा झाला. यांच्या लहान मुलाने या गाड्यांशी खेळावे."

"कोणी खेळावे?" मी विचारले.

"यांच्या लहान मुलाने. तुमचे भाऊ किती?"

"मी एकटाच."

मी खाटेवर बसलो. मालन म्हणाली, "घ्या! तुमचीच गाडी, आणि तुम्हीच बापाला चोर ठरवत होता." तिचा शब्द कठोर होता, पण तिने पदर डोळ्यांना लावला होता.

"पण हे तीन जादा नग?" मी म्हणालो. कारण एक ओझे उतरले तरी दुसरे तेथेच होते. वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते, की तीन वस्तू पासाबाहेरच्या आहेत.

सबनिसांनी सुतळी सोडली. फडक्यातून तीन छोट्या काळ्या वाघिणी, म्हणजे आगगाडीचे मालाचे डबे, निघाल्या. वर पत्र्याचाच कोळसा. ते एकदम ताठ बसले. "अहो, ही तर टेंडरं! आणि त्या दिवशी तुम्ही 'नाही' म्हणालात."

"कुठली टेंडरं?"

"इंजिनामागं कोळसा आणि पाणी घेऊन चालतो ना, तो डबा. त्याला टेंडर म्हणतात. हे बघा, पासावर पहिलीच ओळ: इंजिन टेंडरसह, तीन."

"टेंडर म्हणजे... भंगाराच्या लिलावाचं पाकीट नाही?"

सबनीस हसू लागले. इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. "म्हणून तुम्ही म्हणालात, टेंडर नाही काढलं!" आणि मग त्यांचे हसू मधूनच थांबले. त्यांनी ती चिठ्ठी पुन्हा उचलली. आम्हां तिघांच्याही ध्यानी एकच गोष्ट आली होती.

वडिलांना इंग्रजी येत नव्हते. पासावरचे शब्द कोणी वाचून दाखविले, तर ते त्यांतले ओळखीचे शब्द हेरीत. गिरणीतले टेंडर त्यांना पक्के ठाऊक होते: सरकीचे टेंडर, भंगाराचे टेंडर, पाकीटबंद टेंडर. 'इंजिन टेंडरसह' याचा अर्थ त्यांनी इंजिन आणि त्याचा काही कागद, असा घेतला असणार. घरी येऊन नग मोजले, तर तीन वाघिणी जास्त! साहेब तोवर आगबोटीत बसले असतील. विचारावे तर कोणाला? हेडक्लार्कला विचारले, तर दुसऱ्यांचे डबे उघडणाऱ्या लवू धुरीने स्वतःच तीन नग बाहेर नेले, हे सबंध गिरणीला कळले असते. म्हणून त्यांनी ते फडक्यात बांधले, आणि पस्तीस वर्षे साहेबांच्या पत्त्याची वाट पाहिली.

आणि मग त्या चार शब्दांचा अर्थ मला उमगला. 'ह्या सगळा आपला नाय.' यातले काहीही आपले नाही, असे मी ऐकले होते. त्यांना एवढेच म्हणावयाचे होते, की यातले सगळेच्या सगळे आपले नाही. तीन नग सोडून.

"बाबानू," मी फोटोकडे पाहून म्हणालो, "सगळा आपलाच होता." एवढे बोलताच मला इतके हलके वाटू लागले, की मी मालनकडे चहा मागितला, आणि तिने तो पूर्वीच ठेवलेला होता.

त्यानंतर सबनिसांनी किंमत सांगितली. टेंडरे जुळल्यामुळे ती, त्यांच्याविना जी आली असती, तिच्या दुपटीहून अधिक झाली. मालन "अगो बाय" म्हणून खाली बसली. टेबल तर येणारच होते. खुर्चीही येणार होती. मी होकार दिला.

"एक मिनिट थांबा," मालन उठली. तिने देव्हाऱ्यातला करंडा आणला. "इंजिनांना दरसाल कुंकू लागलं. ह्या तिघांना कधीच नाही, आपले नव्हते म्हणून. आता लावते."

"वहिनी, नको! कोरी टेंडरं आहेत, डाग पडला तर किंमत उतरते!"

"उतरू दे," ती म्हणाली, आणि तिन्ही वाघिणींवर एकेक बोट टेकविले. सबनीस कपाळावर हात मारीत हसले. किंमत मात्र त्यांनी उतरविली नाही.

गाडी चालवून पाहिल्याविना खरेदी पुरी होत नाही, असा त्यांचा धंद्याचा नियम असल्यामुळे आम्ही रूळ जोडले. वनमाला शिकवणीहून आली होती. तिने पुस्तके बाजूला फेकली. चावी मात्र मी दिली. इंजिन, मागे आपले टेंडर, मागे चार डबे घेऊन गाडी खाटेच्या पायाला वळसा घालून मोरीपर्यंत गेली आणि परत आली. साहेबांच्या इच्छेप्रमाणे लवू धुरीच्या लहान मुलाने तिच्याशी खेळून घेतले. तो एकेचाळीस वर्षांचा होता, एवढाच काय तो फरक.

ट्रंक उचलली गेली, तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो. "असं नाही नेता येणार," मी म्हणालो. मी वनमालेच्या वहीतील कागद फाडून घेतला आणि लिहिले: 'गेटपास. इंजिने टेंडरसह, म्हणजे मागील कोळशाच्या डब्यासह, तीन. डबे अकरा. सिग्नल दोन. स्टेशन एक. रूळ सर्व. वरील वस्तू विद्याधर सबनीस यांनी रीतसर खरेदी केल्या असून त्यात एकही नग जादा नाही.' खाली मी माझे नाव लिहिले. सबनिसांनी तो कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि जुना पिवळा पास माझ्या हाती परत दिला. "मला तुमचा पुरेल," ते म्हणाले. मी दारातून बाजूला झालो.

तो पिवळा पास आता वडिलांच्या फोटोमागे आहे, आणि फोटो वनमालेच्या टेबलावर. ज्या वाचकांनी ही हकीकत शेवटपर्यंत वाचली, त्यांनी माझ्यासह एका प्रामाणिक माणसाची झडती घेतली आणि त्यास सन्मानाने जाऊ दिले, याबद्दल मी त्यांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

सहदेव लवू धुरी
जोगेश्वरी पूर्व